छोट्या मोटारीची पकड : ऊसपट्ट्यातील रस्त्यांवर परवडणाऱ्या सुधारणा

गळीत हंगाम सुरू झाला, की कुरुंदवाड परिसरातील रस्त्यांचे रूप पालटते. शिरोळचा दत्त, टाकळीवाडीचा गुरुदत्त, हुपरीचा जवाहर, गंगानगरचा पंचगंगा अशा साखर कारखान्यांकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रात्रंदिवस रस्त्यावर असतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंना लोंबणारा ऊस आणि मागे दिवा किंवा परावर्तक असेलच याची शाश्वती नाही. जयसिंगपूरहून किंवा इचलकरंजीहून रात्री घरी परतणाऱ्या छोट्या मोटारीच्या प्रकाशझोतात अशी ट्रॉली अगदी शेवटच्या क्षणी येते. चालक स्टिअरिंग झटकन उजवीकडे वळवतो आणि समोरून वाहन दिसताच पुन्हा डावीकडे घेतो. या दोन-तीन सेकंदांत मोटार चालकाचे ऐकते की नाही, यावर सारे काही अवलंबून असते.

मोटारीच्या या आज्ञाधारकपणालाच हाताळणी म्हणतात. छोट्या मोटारींच्या बाबतीत ती सुधारण्याची इच्छा अनेकांना असते. मात्र पैसे बहुधा चुकीच्या क्रमाने खर्च होतात. रुंद टायर, चकचकीत अलॉय व्हील आणि खाली बसविलेल्या स्प्रिंगा आधी येतात. झिजलेले बुश आणि निकामी झालेले शॉकॲब्झॉर्बर तसेच राहतात. प्रत्यक्षात कमी खर्चात सर्वांत मोठा फरक पडतो तो याच्या उलट क्रमाने.

वळणावर नेमके काय घडते?

मोटार वळणावर असताना तिचे वजन आतल्या बाजूच्या चाकांवरून बाहेरच्या बाजूच्या चाकांवर सरकते. हे किती प्रमाणात घडते, याचा हिशेब सोपा आहे. चालक व प्रवाशांसह ९०० किलो वजनाची एक छोटी मोटार घ्यावी. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटर उंचीवर आणि डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर १३० सेंटिमीटर आहे असे मानावे. ही मोटार ७० मीटर त्रिज्येच्या वळणावरून ताशी ६० किलोमीटर वेगाने गेली, तर तिच्यावरील बाजूचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ०.४ पट होतो. अशा वेळी सुमारे १५० किलो भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो. सरळ रस्त्यावर दोन्ही बाजूंना प्रत्येकी ४५० किलो भार होता. वळणावर तो एका बाजूला सुमारे ३००, तर दुसऱ्या बाजूला सुमारे ६०० किलो होतो.

टायरवरील भार दुप्पट झाला म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही. ती त्याहून कमी वाढते. म्हणून भार जितका असमान वाटला जाईल, तितकी चारही चाकांची एकत्रित पकड घटते. त्यातच रस्ता खडबडीत असेल आणि एखादे चाक क्षणभर उचलले गेले, तर त्या क्षणी त्याची पकड शून्य असते. चाक जमिनीला टेकलेले ठेवणे आणि भाराची हालचाल सावकाश, चालकाला अंदाज येईल अशी होऊ देणे, ही सस्पेन्शनची दोन मुख्य कामे होत.

याच उदाहरणात गुरुत्वमध्य तीन सेंटिमीटर खाली आणला, तर सरकणारा भार जेमतेम आठ-नऊ किलोंनी कमी होतो. वेग ताशी ६० वरून ५० किलोमीटरवर आणला, तर तोच भार सुमारे ४६ किलोंनी घटतो, कारण बाजूचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. कोणत्याही सुट्या भागावर पैसे खर्च करण्यापूर्वी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

छोट्या मोटारीची रचना

भारतातील बहुतेक छोट्या मोटारींच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट असतो. अमेरिकन अभियंता अर्ल मॅकफर्सन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रचनेत स्प्रिंग आणि शॉकॲब्झॉर्बर एकाच उभ्या दांड्यावर बसविलेले असतात. भाग कमी, जागा कमी आणि खर्चही कमी, म्हणून छोट्या मोटारींनी ती सर्वत्र स्वीकारली.

डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या पहिल्या मारुती ८०० ला पुढे स्ट्रट, तर मागे पाट्यांच्या स्प्रिंगा होत्या. १९८६ च्या नव्या मॉडेलमध्ये मागेही गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या. २००० मध्ये आलेल्या अल्टोचा मागचा अखंड दांडा याच घराण्यातला. २००५ मध्ये आलेल्या स्विफ्टमध्ये मागे पीळ सोसणारी आडवी तुळई, म्हणजे टॉर्शन बीम देण्यात आली. मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. मात्र यातील जुन्या मोटारी तालुक्याच्या गावांत आजही नित्याच्या वापरात दिसतात. मॉडेल कोणतेही असो, चार घटकांकडे पाहावे लागते. स्प्रिंग भार पेलते. शॉकॲब्झॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या भाषेतील शॉकअप, स्प्रिंगची उसळी शमवितो. बुश आणि बॉल जॉइंट चाकाला त्याच्या जागी धरून ठेवतात. टायर रस्त्याशी प्रत्यक्ष संबंध राखतो. यातील एकही घटक ढिला असेल, तर उरलेल्या तिघांवर केलेला खर्च वाया जातो.

इचलकरंजीची मीरा

सामान्य माणसाला परवडणारी आणि इथल्या रस्त्यांवर टिकणारी छोटी मोटार हा या परिसराला नवा विषय नाही. कुरुंदवाडच्या शेजारच्याच इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ मध्ये मीरा या छोट्या मोटारीचा पहिला नमुना तयार केला आणि पुढे १९७० च्या दशकापर्यंत तिचे सुधारित नमुने घडविले. मीराच्या सस्पेन्शनमध्ये त्यांनी रबराचा वापर केला होता. ही मोटार कारखान्यातून विक्रीसाठी कधीच बाहेर पडू शकली नाही. तरीही हलक्या वाहनासाठी भरमसाट भागांची गरज नाही, ही त्यामागील दृष्टी लक्षात घेण्यासारखी आहे.

ब्रिटनमध्ये १९५९ साली ॲलेक इसिगोनिस यांनी रचलेल्या मिनी मोटारीतही स्प्रिंगांऐवजी ॲलेक्स मोल्टन यांचे रबरी शंकू होते. अवघ्या दहा इंची चाकांच्या या मोटारीने १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये माँटे कार्लो रॅली जिंकली. चाके चारही कोपऱ्यांना, वजन कमी आणि सस्पेन्शनमध्ये कोठेही झोल नाही, हे तिच्या पकडीचे रहस्य होते. छोटी मोटार मुळातच वाईट हाताळते, हा समज मिनीने पुसून टाकला.

पहिली पायरी : जे झिजले ते पूर्ववत करणे

कृष्णा-पंचगंगेच्या काठची जमीन काळी आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे तिच्यावरील डांबरी रस्त्याला लाटा पडतात. त्यावरून उसाच्या ट्रॉल्यांची वाहतूक झाली, की कडा तुटतात आणि खड्डे पडतात. अशा रस्त्यांवर पाच-सहा वर्षे चाललेल्या मोटारीची हाताळणी बिघडते, ती प्रामुख्याने झिजेमुळे. मोटार इतकी सावकाश ढिली होत जाते, की रोज चालविणाऱ्याला ते जाणवतही नाही.

तपासणीसाठी मोटार जॅकवर घेऊन, खाली भक्कम टेकू देऊन प्रत्येक चाक हलवून पाहावे. वर-खाली धरून हलविताना खटखट जाणवली, तर बॉल जॉइंट किंवा चाकाचे बेअरिंग संशयास्पद ठरते. डावी-उजवीकडे हलविताना जाणवली, तर टाय रॉड एंड झिजलेला असू शकतो. ब्रेक लावताना मोटार एका बाजूला ओढत असेल, तर ब्रेकइतकाच संशय लोअर आर्मच्या बुशांवरही घ्यावा. कित्येक जुन्या छोट्या मोटारींत पुढचा अँटी-रोल बारच लोअर आर्मला पुढे-मागे सरकू न देण्याचे काम करतो. त्याचे रबरी बुश झिजले, की ब्रेकच्या वेळी चाकच जागा सोडते आणि मोटार भरकटते. हे बुश किमतीने अगदी किरकोळ असतात.

बुश बदलताना एक चूक सर्रास होते. मोटार जॅकवर, चाके लोंबकळत असतानाच त्यांचे बोल्ट घट्ट आवळले जातात. मोटार खाली आली, की रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुश काही महिन्यांत फाटतो. बोल्ट ढिले ठेवून मोटार आपल्या वजनावर चाकांवर उभी करावी आणि मगच ते निर्मात्याने सांगितलेल्या जोराने आवळावेत. मिस्त्रीला एवढे सांगितले, तरी बुशांचे आयुष्य वाढते. पॉलियुरेथेनचे कठीण बुश बाजारात मिळतात. त्यांनी स्टिअरिंगचा प्रतिसाद अधिक नेमका होतो, पण धक्के आणि आवाजही आत येतात. रोजच्या वापरासाठी मूळ दर्जाचे रबरी बुश पुरेसे आहेत.

पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या मोटारींची तपासणी अधिक काटेकोर हवी. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांचा तडाखा शिरोळ तालुक्याला बसला. अशा वेळी इंजिन आणि वायरिंगकडे सर्वांचे लक्ष जाते. चाकांच्या बेअरिंगमध्ये शिरलेला गाळ, बॉल जॉइंटच्या फाटक्या रबरी टोपीतून आत गेलेले पाणी आणि स्ट्रटच्या वरच्या बेअरिंगला चढलेला गंज यांकडे मात्र दुर्लक्ष होते. त्याचे परिणाम पूर ओसरल्यानंतर बऱ्याच काळाने जाणवू लागतात. वळणावर घरघर, स्टिअरिंग आपणहून सरळ न होणे आणि खड्ड्यात ठोक्याचा आवाज, ही त्याची लक्षणे होत. पाण्यात राहिलेली जुनी मोटार विकत घेणाऱ्यांनी हे भाग आवर्जून पाहावेत.

या दुरुस्त्या झाल्यावर व्हील अलाइनमेंट करावे. बहुतेक छोट्या मोटारींत केवळ टो, म्हणजे चाकांची तोंडे आत-बाहेर किती वळलेली आहेत, एवढेच जुळविता येते. ढिल्या बुशांवर केलेले अलाइनमेंट पहिल्याच मोठ्या खड्ड्यात बिघडते. म्हणून आधी दुरुस्ती आणि मग अलाइनमेंट, हा क्रम मोडू नये. काही शे रुपयांचे हे काम टायरच्या हजारो रुपयांचे रक्षण करते.

दुसरी पायरी : टायर

सस्पेन्शनमधील सर्व सुधारणा अखेर टायरमार्फतच रस्त्यापर्यंत पोहोचतात. म्हणून नवा भाग विकत घेण्याआधी टायरची स्थिती पाहणे श्रेयस्कर. हवेचा दाब चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीनुसार, टायर थंड असताना तपासावा. पाच जण आणि सामान असेल, तर त्याच पट्टीवर पूर्ण भारासाठी दिलेला दाब ठेवावा. खाचांची खोली नियमानुसार किमान १.६ मिलिमीटर हवी. ओल्या रस्त्यावर आणि पाचट-चिखलाच्या रस्त्यावर त्याहून अधिक असलेली बरी. टायरच्या बाजूवरील चार आकड्यांत उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष असते. ‘२३१८’ याचा अर्थ २०१८ चा तेविसावा आठवडा. खाचा शिल्लक असल्या, तरी बरीच वर्षे उन्हात उभ्या राहिलेल्या मोटारीच्या टायरचे रबर कडक होऊन त्याची पकड घटलेली असते.

माप बदलायचे असेल, तर त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला निर्मात्याने दिलेले माप निवडणे शहाणपणाचे ठरते. अल्टोचे माप १४५/८० आर १२ होते; २०१० च्या अल्टो के-१० ला १५५/६५ आर १३ देण्यात आले. हिशेब केला, तर पहिल्या टायरचा व्यास सुमारे ५३७, तर दुसऱ्याचा ५३२ मिलिमीटर येतो. फरक एक टक्क्याहूनही कमी असल्याने वेगदर्शकावर किंवा गिअरवर विशेष परिणाम होत नाही. रस्त्याला टेकणारी रुंदी वाढते आणि टायरची भिंत बुटकी झाल्याने वळणावर ती कमी लवते. त्यामुळे स्टिअरिंगचा प्रतिसाद तत्पर होतो.

या बदलाची किंमतही आहे. टायरच्या भिंतीची उंची ११६ वरून १०१ मिलिमीटरवर येते. रिम आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये पंधरा मिलिमीटर रबर कमी उरते. जुन्या मोटारीच्या रिमा आणि बेअरिंग नव्या मापासाठी योग्य आहेत का, हेही पाहावे लागते. याहून बुटके आणि रुंद टायर घेतले, तर पॉवर स्टिअरिंग नसलेल्या मोटारीचे स्टिअरिंग जड होते, साचलेल्या पाण्यावर मोटार तरंगण्याची शक्यता वाढते आणि पूर्ण वळणावर टायर मडगार्डला घासतो. चाके बाहेर ढकलणारे स्पेसर तर टाळावेतच. त्यांनी बेअरिंगवरील ताण वाढतो आणि स्टिअरिंगची मूळ भूमिती बिघडते.

तिसरी पायरी : शॉकॲब्झॉर्बर

स्प्रिंग एकदा दबली, की आपणहून कित्येकदा वर-खाली होत राहते. तिची ही उसळी तेलाच्या घर्षणातून शमविणे हे शॉकॲब्झॉर्बरचे काम. नळीतील दट्ट्या तेलाला छोट्या छिद्रांतून आणि झडपांतून ढकलतो व हालचालीची ऊर्जा उष्णतेत बदलते. मोटारीची बॉडी स्प्रिंगवर सेकंदाला साधारण एक-दीड वेळा डोलते, तर चाक दहा-बारा वेळा थरथरू शकते. रस्त्यावर दर दीड मीटरवर लहान उंचवटे असतील आणि वेग ताशी ६० किलोमीटर असेल, तर चाकाला सेकंदाला अकरा धक्के बसतात. हा वेग नेमका चाकाच्या नैसर्गिक थरथरीशी जुळतो. शॉक कमजोर असेल, तर अशा रस्त्यावर चाक जमिनीवर कमी आणि हवेत अधिक असते. ब्रेक लावला, तरी थांबण्याचे अंतर वाढते.

झिजलेला शॉक ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. नळीवर तेल ओघळलेले दिसते. मोटारीचा कोपरा जोराने दाबून सोडल्यावर ती एकदा वर येऊन स्थिर होण्याऐवजी पुन्हा पुन्हा डोलते. टायर जागोजागी खोलगट झिजतो. वेगरोधकावरून उतरताना मोटारीचे नाक दोन-तीनदा खाली जाते. साधारण ८० हजार किलोमीटरनंतर शॉक बदलण्याचा विचार करावा, असे काही निर्माते सुचवितात. खराब रस्त्यांवर ती वेळ आधीच येते.

बदलताना साध्या तेलाच्या शॉकऐवजी गॅसयुक्त शॉक घेता येतात. सतत हिसके बसल्यावर साध्या शॉकमधील तेलाला फेस येतो आणि त्याची शमविण्याची ताकद घटते. दाबाखालील नायट्रोजनमुळे हा फेस आटोक्यात राहतो. मोटार खाली न बसविता, मूळ स्प्रिंगांवरच चांगल्या दर्जाचे चार नवे शॉक बसविणे, ही छोट्या मोटारीची सर्वांत फलदायी सुधारणा मानावी लागेल. खर्च अलॉय व्हीलच्या संचाहून बहुधा कमी येतो. महाराष्ट्रात हे भाग दीर्घकाळ तयार होत आले आहेत. गॅब्रिएल इंडियाची सुरुवात १९६१ मध्ये मुंबईत झाली. मात्र नकली माल टाळण्यासाठी पावतीसह, अधिकृत विक्रेत्याकडूनच खरेदी करावी.

शॉक नेहमी एका दांड्याच्या जोडीने बदलावेत. एकच बदलला, तर मोटार डावीकडे आणि उजवीकडे वेगळी वागते. पुढचा स्ट्रट उघडताना दबलेल्या स्प्रिंगमध्ये मोठी शक्ती साठलेली असते. स्प्रिंग कॉम्प्रेसर नसलेल्या ठिकाणी हे काम करू देऊ नये. निसटलेली स्प्रिंग जीवघेणी ठरू शकते. वरचे माउंटिंग आणि बंप स्टॉप त्याच वेळी बदलल्यास मजुरी वाचते. नंतर अलाइनमेंट पुन्हा तपासावे.

चौथी पायरी : अँटी-रोल बार

डाव्या आणि उजव्या चाकांना जोडणारा पिळाचा दांडा म्हणजे अँटी-रोल बार. मोटार वळणावर कलली, की तो पिळला जातो आणि कलण्याला विरोध करतो. सरळ रस्त्यावर दोन्ही चाके एकत्र वर-खाली झाली, तर तो निष्क्रिय राहतो. म्हणून त्याने आराम फारसा बिघडत नाही.

मात्र बार कलणे कमी करतो, भार सरकणे कमी करत नाही. ज्या दांड्यावर तो अधिक जाड असतो, त्या दांड्यावरील बाहेरच्या चाकावर अधिक भार पडतो आणि त्या बाजूची पकड तुलनेने घटते. पुढची चाके ओढणाऱ्या छोट्या मोटारी अधिक वेगात वळणाच्या बाहेर सरकतात. यालाच अंडरस्टिअर म्हणतात. मागे बार बसविला, तर हा दोष कमी होतो आणि मोटार चपळ वाटते. पण ओल्या, चिखलाच्या रस्त्यावर अचानक ॲक्सिलरेटर सोडला, तर मागची बाजू निसटण्याची शक्यता वाढते. अंडरस्टिअरमध्ये वेग कमी केला, की मोटार सावरते. मागची बाजू निसटल्यावर सावरणे सरावाचे काम आहे. म्हणून रोजच्या वापरासाठी नवा बार लावण्याऐवजी असलेल्या बारचे बुश आणि लिंक रॉड नवे करणे पुरेसे ठरते.

या संतुलनाचे महत्त्व १९९७ मध्ये जगाला कळले. मर्सिडीज-बेंझची नवी छोटी ए-क्लास स्वीडनमधील नियतकालिकाच्या चाचणीत, अचानक आडव्या आलेल्या प्राण्याला चुकविण्याची नक्कल करताना उलटली. रात्रीच्या ट्रॉलीला चुकविण्याचा प्रसंग याहून वेगळा नाही. कंपनीने मोटारीचे वितरण थांबविले, सस्पेन्शन आणि टायरमध्ये बदल केले आणि घसरण आवरणारी इलेक्ट्रॉनिक प्रणाली सर्व मोटारींना दिली. उंच आणि आखूड मोटारीला डावी-उजवी हुलकावणी किती जड जाते, हे त्यातून स्पष्ट झाले.

खाली बसविण्याचा मोह

मोटार खाली बसविली, की ती देखणी दिसते, पण मिळणारा लाभ वरच्या हिशेबानुसार आठ-नऊ किलोंचा. त्याबदल्यात जमिनीपासूनची १६० मिलिमीटर उंची १३० वर येते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषानुसार वेगरोधकाची रुंदी ३.७ मीटर आणि उंची १० सेंटिमीटर असावी. गावोगावी हाताने घातलेले वेगरोधक हा निकष क्वचितच पाळतात. प्रवाशांनी भरलेली, खाली बसविलेली मोटार त्यावर पोट घासते. शिवाय चाकाला वर येण्यास जागा कमी उरल्याने मोठ्या खड्ड्यात सस्पेन्शन बंप स्टॉपवर आदळते. त्या क्षणी स्प्रिंग जणू नसतेच आणि टायर उसळतो.

मूळ स्प्रिंग कापणे हा सर्वांत घातक उपाय. सहा कार्यरत वेढ्यांपैकी एक कापला, तर उरलेली स्प्रिंग सुमारे २० टक्के अधिक कडक होते, पण शॉक मात्र जुन्याच स्प्रिंगसाठी बनलेला असतो. गॅसने कापताना पोलादाचे पाणी उतरते आणि स्प्रिंग तुटू शकते. चाक लोंबकळताना आखूड स्प्रिंग बैठकीतून सुटण्याचा धोका असतो.

वेढ्यांच्या मध्ये बसविण्याचे रबरी बफरही लोकप्रिय आहेत. मागची बाजू दबल्यावर ते बसविले, की मोटार उचलल्यासारखी दिसते. पण बफर वेढ्यांची हालचाल रोखतो, म्हणजे स्प्रिंगचा तेवढा भाग निकामी करतो. मोटार रिकामी असताना मागचे चाक उडते आणि वळणावर मागची पकड कमी होते. स्प्रिंग खरोखरच बसली असेल, तर मूळ मापाची नवी जोडी घेणे हाच योग्य उपाय.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील आणि निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केले. २०१९ च्या दुरुस्तीनुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. झिजलेले शॉक, बुश, स्प्रिंगा आणि टायर मूळ तपशिलानुसार नवे बसविणे ही देखभाल आहे. मोटारीची उंची बदलणे किंवा निर्मात्याने न सांगितलेली चाके लावणे हे मात्र वादाचे ठरू शकते. अपघातानंतर विमा कंपनी अशा बदलांकडे बोट दाखवू शकते. त्यामुळे शंका असल्यास प्रादेशिक परिवहन कार्यालय आणि विमा कंपनी यांच्याकडे आधी विचारणा करावी.

खर्चाचा क्रम

मर्यादित खर्चात हाताळणी सुधारू पाहणाऱ्या वाहनधारकांसाठी क्रम पुढीलप्रमाणे ठेवता येईल :

१. हवेचा दाब, टायरची खोली आणि वय यांची तपासणी. खर्च जवळपास नाही.

२. बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, लिंक रॉड आणि चाकांची बेअरिंग यांची तपासणी. जे झिजले तेवढे बदलणे.

३. अलाइनमेंट आणि चाकांचे बॅलन्सिंग.

४. टायर जुने असल्यास चारही नवे. दोनच घेता येत असतील, तर नवे टायर मागे बसवावेत, म्हणजे ओल्या रस्त्यावर मागची बाजू निसटत नाही.

५. मूळ उंचीचे, चांगल्या दर्जाचे गॅसयुक्त शॉकॲब्झॉर्बर, जोडीने.

६. दबलेल्या स्प्रिंगा असल्यास मूळ मापाची नवी जोडी.

७. सर्वांत शेवटी, आणि निर्मात्याच्या पर्यायांतूनच, टायर व रिमचे मोठे माप.

प्रत्येक पायरीनंतर मोटार काही दिवस चालवून पाहावी आणि मगच पुढचा खर्च ठरवावा. सर्व भाग एकाच वेळी बदलले, तर कशाचा लाभ झाला आणि कशाने नवा दोष आला, हे कळत नाही. पहिल्या तीन पायऱ्यांवरच अनेक मोटारी पुन्हा सरळ चालू लागतात आणि पुढच्या खर्चाची गरज उरत नाही. अशी तपासणी करण्यास सर्वांत सोयीचा काळ म्हणजे पावसाळा संपल्यावर, ट्रॉल्या रस्त्यावर येण्याआधीचे काही आठवडे. रस्ते तेव्हा खड्ड्यांनी भरलेले असतात आणि मोटारीतील प्रत्येक ढिला भाग आपणहून आवाज देत असतो.